१०९९ वर ट्रक चालवणाऱ्याचा पहिल्या वर्षाचा कर

शुक्रवारी सकाळी सेटलमेंट, म्हणजे आठवड्याच्या कामाचा हिशेब आणि पैसे, आलं. आकडा ४,८०० डॉलरच्या वर. जोलिएटच्या ट्रक स्टॉपवर कॉफी हातात धरून मी तो दोनदा वाचला आणि घरी फोन लावला, "अगं, बस्तान बसलं आपलं." पुढच्या एप्रिलमध्ये त्याच बाईला फोन करून मुलीच्या कॉलेजसाठी ठेवलेले पैसे मोडायला सांगावे लागले. कर भरायचा होता आणि खात्यात काही नव्हतं.

त्या दोन फोनांच्या मधल्या काळात काय करायला हवं होतं ते इथे लिहितो. अमेरिकेत नव्याने १०९९ वर, म्हणजे पगारी नोकर न होता स्वतंत्र कंत्राटदार म्हणून, ट्रक चालवायला लागलेल्यांसाठी हे आहे, मग ट्रक स्वतःचा असो की लीजवर. जिथे वर्ष महत्त्वाचं आहे तिथले आकडे २०२५ या कर वर्षाचे आहेत.

आधी हे बघा: तुम्ही खरंच कंत्राटदार आहात का?

ट्रक मालकाचा, डिझेल मालकाच्या कार्डावर, लोड कुठला घ्यायचा ते डिस्पॅचर ठरवणार, घरी कधी जायचं तेही त्यालाच विचारून, आणि पैसे मात्र "१०९९ वर". नवीन माणसाला असं काम सर्रास मिळतं. "कर कापत नाही, हातात जास्त येतात," असं गोड बोलून ते गळ्यात मारलं जातं. कापत नाहीत म्हणजे माफ आहे असं नाही. नोकरदाराच्या सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरमधला निम्मा वाटा, म्हणजे पगाराच्या ७.६५ टक्के, मालक भरतो. १०९९ वर तो निम्माही तुमच्या माथी येतो.

करारात "इंडिपेन्डन्ट कॉन्ट्रॅक्टर" असं छापलेलं असलं म्हणून आयआरएस, म्हणजे अमेरिकेची कर यंत्रणा, ते मान्य करत नाही. काम कसं करायचं यावर ताबा कुणाचा, नफ्या-तोट्याची जोखीम कुणाची आणि एकूण नातं कसं आहे, हे ती बघते. वरच्या उदाहरणातला माणूस बहुतेक वेळा नोकरदारच ठरेल. तसं वाटत असेल तर फॉर्म एसएस-८ भरून आयआरएसकडून निर्णय मागता येतो, आणि रिटर्नला फॉर्म ८९१९ जोडून फक्त आपला निम्मा वाटा भरता येतो. एवढं केल्यावर त्या कंपनीत पुढचा लोड मिळेल अशी आशा धरू नका. म्हणून माझा सल्ला असा की ट्रक आपला नसेल आणि जोखीमही आपली नसेल, तर सुरुवातीलाच डब्ल्यू-२, म्हणजे पगारी नोकरी, मागा. नाही म्हणाले तर दुसरी कंपनी बघा. ड्रायव्हर सगळ्यांनाच हवे असतात.

ट्रक तुमचा असेल किंवा लीजवर घेऊन कुठल्या कॅरिअरकडे (मालवाहतूक कंपनीकडे) लावला असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

पहिल्या आठवड्यातली दोन कामं

एक, ईआयएन, म्हणजे धंद्याचा कर नंबर, काढा. आयआरएसच्या साइटवर तो फुकट मिळतो. त्यासाठी पैसे मागणाऱ्या साइट हुबेहूब सरकारी दिसतात, तिकडे फसू नका. पुढे जड वाहनाचा कर भरताना सोशल सिक्युरिटी नंबर चालत नाही, ईआयएनच लागतो.

दोन, बँकेत धंद्याचं वेगळं चेकिंग खातं उघडा आणि त्याला जोडून एक सेव्हिंग. सेटलमेंट चेकिंगमध्ये येईल, ट्रकचा सगळा खर्च तिथूनच जाईल. घरखर्चासाठी ठरावीक रक्कम घरच्या खात्यात टाकायची. किराणा आणि टायर एकाच कार्डावर घेतले की मार्चमध्ये बाराही महिन्यांची स्टेटमेंटं घेऊन, हायलायटर हातात धरून बसावं लागतं. मी बसलो आहे.

एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, काढू का, असं प्रत्येक जण विचारतो. एका मालकाच्या एलएलसीने फेडरल कर एका पैशानेही बदलत नाही. आयआरएसच्या दृष्टीने ती नसल्यासारखीच असते. तिचे इतर फायदे असतील, पण ते कराचे नाहीत. एस-कॉर्प (कंपनीचा वेगळा कर-प्रकार) करून कर वाचवण्याची गोष्ट खरी आहे, मात्र त्यात स्वतःला रीतसर पगार द्यावा लागतो, पेरोल चालवावा लागतो, वेगळं रिटर्न भरावं लागतं. पहिल्या वर्षी धंद्यात नफा किती राहतो हेच माहीत नसतं, तेव्हा त्या भानगडीत पडू नये.

सेटलमेंट वाचायला शिका

माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कॅरिअर तुम्हाला लोडचे पैसे देताना त्यातून डिझेल, विमा, ट्रेलरचं भाडं, ईएलडीचं (ड्रायव्हिंगचे तास नोंदवणाऱ्या यंत्राचं) शुल्क, टोल, अनामत असं बरंच काही आधीच कापून घेतो आणि उरलेलं बँकेत टाकतो. जानेवारीच्या शेवटी १०९९-एनईसी, म्हणजे वर्षात तुम्हाला किती पैसे दिले ते सांगणारा फॉर्म, येतो. त्यावर बऱ्याचदा कापण्याआधीची पूर्ण रक्कम असते. माझ्या फॉर्मवर १,९४,००० होते. बँकेत वर्षभरात जमा झालेले १,२१,०००. फॉर्ममध्येच काहीतरी घोटाळा आहे असं समजून मी बँकेतला आकडा उत्पन्न म्हणून लिहिला आणि मोकळा झालो.

दीड वर्षाने सीपी २००० नावाचं पत्र आलं. आयआरएसच्या संगणकाने कॅरिअरचा आकडा आणि माझा आकडा शेजारी शेजारी ठेवले होते. मधले ७३,००० हे लपवलेलं उत्पन्न समजून त्यावर कर, व्याज आणि दंड. ते ७३,००० डिझेलचे आणि विम्याचे होते, माझ्या खिशात कधी आलेच नव्हते, पण ते दाखवायला बावन्न आठवड्यांची सेटलमेंटं हवी होती. तोवर मी ती कंपनी सोडली होती आणि तिच्या पोर्टलवरचं माझं लॉगिन बंद झालं होतं. मिनतवाऱ्या करून कागद मिळवले, त्यात चार महिने गेले.

म्हणून दर शुक्रवारी सेटलमेंटची पीडीएफ उतरवून आपल्या फोल्डरमध्ये ठेवा. रिटर्नमध्ये उत्पन्नाच्या ओळीवर १०९९ वरचा पूर्ण आकडा लिहा, आणि कापलेली प्रत्येक गोष्ट खर्चाच्या ओळींवर दाखवा. उलट चूकही होते. १०९९ कापून उरलेल्या रकमेचा असतो आणि माणूस डिझेल पुन्हा खर्चात दाखवतो. ती दुहेरी वजावट झाली. आपला फॉर्म कुठल्या प्रकारचा आहे हे जानेवारीतच बेरीज करून बघा.

कापलेलं सगळंच खर्च नसतं, हेही लक्षात ठेवा. अनामत हा तुमचाच पैसा आहे, तो फक्त कॅरिअरकडे पडून आहे. कंपनीने तो कायमचा गिळला तरच खर्च. मध्येच उचललेला कॅश ॲडव्हान्स हे तुमचं उत्पन्नच, आधी हातात आलेलं. लंपरला दिलेली हमाली तुम्ही भरली आणि ब्रोकरने परत दिली, तर परत आलेले पैसे कुठे धरले गेलेत ते तपासा.

आणि १०९९ आला नाही तर? उत्पन्न तरीही दाखवायचंच. २०२५ साली दिलेल्या पैशांसाठी ६०० डॉलरपासून फॉर्म द्यावा लागतो, २०२६ पासून ही मर्यादा २,००० झाली. ती मर्यादा फॉर्म देणाऱ्यासाठी आहे, तुमच्यासाठी नाही.

किती बाजूला ठेवायचे?

समजा तुम्ही एकटे आहात, दुसरं उत्पन्न नाही, आणि डिझेलपासून घसाऱ्यापर्यंत सगळं वजा जाता वर्षाचा निव्वळ नफा ७०,००० डॉलर राहिला.

पहिला कर सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स, म्हणजे सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे दोन्ही वाटे. नफ्याच्या ९२.३५ टक्के रकमेवर १५.३ टक्के. म्हणजे ६४,६४५ वर ९,८९१ डॉलर. इथे स्टँडर्ड डिडक्शन लागू नाही, मुलं किती आहेत हे कुणी विचारत नाही.

दुसरा नेहमीचा आयकर. वरच्या कराची निम्मी रक्कम, ४,९४५, उत्पन्नातून वजा होते. मग २०२५ चं एकट्या माणसाचं स्टँडर्ड डिडक्शन १५,७५० जातं. उरले ४९,३०५. त्यातून स्वतःचा धंदा करणाऱ्याला मिळणारी क्यूबीआय वजावट, इथे २० टक्के म्हणजे ९,८६१. उरले ३९,४४४, त्यावर आयकर साधारण ४,४९५.

दोन्ही मिळून १४,३८६. आयकर धाकटा आणि सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स त्याच्या दुपटीहून मोठा. नवीन माणूस नेमका या मोठ्याला विसरतो, कारण नोकरीत असताना तो पगाराच्या स्लिपवर मुकाट कापला जायचा.

हे झालं निव्वळ नफ्याच्या साधारण २१ टक्के. त्यावर राज्याचा कर. टेक्सास, फ्लोरिडा, टेनेसीत राहत असाल तर उत्पन्नावर राज्याचा कर नाही. इलिनॉयमध्ये असाल तर ४.९५ टक्के. म्हणून दर शुक्रवारी खर्च वजा जाता जे खरोखर उरलं त्याच्या २५ ते ३० टक्के लगेच सेव्हिंगमध्ये. एकूण बिलाच्या ३० टक्के ठेवायला गेलात तर हप्ता भरायला पैसे उरणार नाहीत आणि तिसऱ्या आठवड्यात हा नाद सोडून द्याल. नवरा-बायको दोघं कमावत असतील तर आकडा वेगळा येतो, तो दोघांचं उत्पन्न एकत्र धरून काढा.

चार तारखा

हा कर वर्षाच्या शेवटी एकदम भरायचा नसतो. १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि पुढच्या वर्षी १५ जानेवारी. नाव तिमाही, पण मुदती सारख्या नाहीत. पहिला हप्ता तीन महिन्यांचा, दुसरा फक्त एप्रिल आणि मे या दोन महिन्यांचा, तिसरा जून ते ऑगस्टचा आणि चौथा चार महिन्यांचा. जूनच्या हप्त्याने मला दोनदा गाठलंय, आत्ताच तर भरला, असं वाटत असतानाच.

आयआरएसच्या साइटवरून थेट बँक खात्यातून भरता येतो, पाच मिनिटांचं काम आहे. भरताना कर वर्ष नीट निवडा. जानेवारीचा हप्ता मागच्या वर्षाचा असतो.

किती भरायचा याला एक सोपी वाट आहे. गेल्या वर्षीच्या रिटर्नवर एकूण कर जितका होता तितकी रक्कम चार हप्त्यांत वेळेवर भरली, तर यंदा उत्पन्न दुप्पट झालं तरी हप्ते कमी भरल्याचा दंड लागत नाही. गेल्या वर्षीचं एजीआय (रिटर्नवरचं समायोजित एकूण उत्पन्न) दीड लाखाच्या वर असेल तर १०० ऐवजी ११० टक्के. नोकरी सोडून ट्रक घेतलेल्याला पहिल्या वर्षी हा नियम फार उपयोगी पडतो. पण दंड लागत नाही याचा अर्थ कर लागत नाही असा नव्हे. उरलेली रक्कम एप्रिलमध्ये द्यावीच लागते, ती सेव्हिंगमध्ये असली पाहिजे.

खर्च, आणि त्यातला सगळ्यात मोठा

डिझेल, डेफ (धूर स्वच्छ करणारं द्रव), टायर, ऑइल, दुरुस्ती, विमा, टोल, वजनकाट्याची तिकिटं, पार्किंग, ईएलडी, लोड बोर्ड (लोड शोधायची साइट), डिस्पॅचरचं कमिशन, ट्रक धुणं, पट्टे, साखळ्या, हातमोजे, स्टील टो बूट, डीओटीची (वाहतूक खात्याची) वैद्यकीय तपासणी. या यादीत वाद नाही. फोन धंद्यापुरता जेवढा वापरता तेवढाच. रोजची जीन्स आणि जॅकेट नाही, ट्रकमध्येच घातली तरी नाही. ओव्हरलोडचा किंवा वेगाचा दंड धंद्यात झाला तरी खर्च नाही. सरकारला भरलेला दंड वजा होत नाही. डॉकवर सहा तास ताटकळलात आणि डिटेन्शनचे पैसे मिळाले नाहीत, तर तो संताप खरा असला तरी वजावट शून्य. जे पैसे आलेच नाहीत ते उत्पन्नात नव्हतेच, मग वजा कशातून करणार? रिकाम्या मैलांचंही तसंच, त्यात जळलेलं डिझेल तेवढं खर्चात येतं. गाडीसाठी असलेला दर मैलाचा सरकारी दर ट्रॅक्टरला (ट्रकच्या पुढच्या, इंजिनवाल्या भागाला) लावता येत नाही, प्रत्यक्ष खर्चच दाखवायचा.

पर डीएम मात्र शांतपणे समजून घ्या. घराबाहेर रात्र काढावी लागते तेव्हा जेवणाखाणाचे दिवसाला ८० डॉलर धरता येतात, पावत्या न ठेवता. १ ऑक्टोबर २०२४ पासून हा दर आहे, त्याआधी ६९ होता. निघाल्याचा आणि घरी पोचल्याचा दिवस पाऊण धरायचा, म्हणजे ६०. यातले ८० टक्के वजा होतात. इतर धंद्यांत जेवणाचे ५० टक्केच मिळतात, ड्रायव्हिंगच्या तासांची मर्यादा असलेल्यांना ही सवलत आहे. पूर्ण दिवसाला ६४ डॉलर. वर्षात २४० पूर्ण दिवस बाहेर काढले तर १५,३६०. तुम्ही डब्यातली पोळी-भाजी खाल्लीत की रोज स्टेक, फरक पडत नाही. पर डीएम धरला की जेवणाची बिलं वेगळी लावायची नाहीत. मॉटेलला यातलं काही नाही, त्याची पावती लागते.

पुरावा म्हणजे तुमचे लॉग. कुठल्या रात्री कुठे होतात ते ईएलडी दाखवतो. पण कॅरिअरला हे लॉग फक्त ६ महिने सांभाळायचं बंधन आहे, आणि आयआरएस साधारणपणे ३ वर्षं मागे जाऊ शकते. दर महिन्याच्या शेवटी आपले लॉग स्वतः उतरवून घ्या. मी त्याच्या जोडीला भिंतीवरच्या कॅलेंडरची सवय लावली. बाहेरच्या दिवसावर फुली, जाण्यायेण्याच्या दिवसावर अर्धी तिरकी रेघ. डिसेंबरात बायको फुल्या मोजते.

आता खोच. पर डीएम "घराबाहेर" असल्याबद्दल मिळतो, त्यामुळे आधी घर असावं लागतं. भाडं वाचवायचं म्हणून अपार्टमेंट सोडून ट्रकमध्येच राहणारी, टपाल मित्राच्या पत्त्यावर घेणारी बरीच पोरं आहेत. आयआरएस विचारते: तुमच्या घराच्या परिसरात तुम्ही काही काम करता आणि तेव्हा त्या घरी राहता का? धंद्यासाठी बाहेर असताना तिकडचा घरखर्च चालूच राहतो का? आणि त्या ठिकाणाशी तुमचं नातं टिकून आहे का, म्हणजे घरचे तिथे राहतात किंवा तुम्ही स्वतः वरचेवर तिथे मुक्कामाला असता? तीनपैकी एकच गोष्ट जुळत असेल तर तुम्ही भटके. मग जिथे ट्रक उभा तिथे तुमचं घर, आणि घराबाहेर तुम्ही कधी नसताच. पर डीएम शून्य. महिना ९०० डॉलर भाडं वाचवताना पंधरा हजारांची वजावट हातची जाते, हे त्या पोरांना कुणी सांगत नाही. हिशेब करूनही ट्रकमध्ये राहणं परवडत असेल तर खुशाल राहा, पण पर डीएम लावू नका. आणि भावाच्या घरी एक खोली असेल तर बाजारभावाने भाडं खरोखर द्या, चेकने द्या.

पावत्यांबद्दल एकच सांगतो. ट्रक स्टॉपचा कागद थर्मल असतो, डॅशबोर्डवरच्या उन्हात दोन महिन्यांत कोरा होतो. पंपावरून निघण्याआधी फोटो काढा.

ट्रकचा हप्ता हा खर्च नाही

हे ऐकून माणसं चिडतात. कर्जाच्या हप्त्यातलं व्याज तेवढं खर्चात, मुद्दल नाही. त्याऐवजी ट्रकच्या किमतीवर घसारा मिळतो. ट्रॅक्टर तीन वर्षांच्या वर्गात मोडतो, ट्रेलर पाच वर्षांच्या. शिवाय १९ जानेवारी २०२५ नंतर घेतलेल्या वाहनावर पहिल्याच वर्षी १०० टक्के बोनस घसारा घेता येतो, जुना ट्रक असला तरी, फक्त तो आधी तुम्हीच वापरलेला नसावा.

इथे विक्रेते डिसेंबरात उभे असतात. "९०,००० चा ट्रक घ्या, सगळा कर माफ." पहिल्या वर्षी कर खरंच शून्यावर येऊ शकतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी हप्ता तसाच चालू राहतो आणि वजा करायला घसारा उरत नाही. तेव्हा नफा कागदावर मोठा दिसतो, हातात पैसा नसतो, आणि कर त्या कागदावरच्या नफ्यावर लागतो. ट्रक विकला तर घेतलेला घसारा परत उत्पन्नात येतो. आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. नफा शून्य दाखवला की त्या वर्षी सोशल सिक्युरिटीच्या खात्यात काही जमा होत नाही. म्हातारपणीची पेन्शन मिळायला ४० क्रेडिट लागतात, वर्षाला जास्तीत जास्त ४ मिळतात. चाळिशीत या देशात आलेल्या माणसाने ही वर्षं मोजून ठेवावीत. घराच्या कर्जालाही बँक रिटर्नवरचा नफाच बघते. मी घसारा तीन वर्षांत पसरवतो. त्यासाठी बोनस नको असल्याचं रिटर्नमध्ये कळवावं लागतं, नाहीतर तो आपोआप लागतो.

लीज-पर्चेस केलं असेल तर करार रिटर्न भरणाऱ्याला वाचायला द्या. खरं भाडं असेल तर आठवड्याची रक्कम खर्चात जाते. भाड्याच्या नावाखाली हप्त्याने विक्री असेल तर घसाऱ्याचा नियम.

२२९० आणि इफ्टा

५५,००० पौंड किंवा त्याहून जड वाहनाला वर्षाचा फेडरल कर आहे, फॉर्म २२९०. वर्ष १ जुलैपासून. जुलैत ट्रक रस्त्यावर असेल तर ३१ ऑगस्टपर्यंत भरायचा, मध्येच घेतला तर पहिल्यांदा चालवला त्याच्या पुढच्या महिन्याच्या अखेरपर्यंत. ८०,००० पौंडांच्या गाडीला ५५० डॉलर. शिक्का मारलेलं शेड्यूल १ परत येतं, त्याशिवाय प्लेट मिळत नाही. हे ५५० खर्चात धरायला विसरू नका.

इफ्टा म्हणजे डिझेलवरचा राज्यांचा कर, जिथे गाडी चालली त्या राज्यांत मैलांप्रमाणे वाटण्याची पद्धत. दुसऱ्याच्या ऑथॉरिटीवर (माल वाहण्याच्या सरकारी परवान्यावर) चालवत असाल तर बहुधा कॅरिअरच भरतो आणि सेटलमेंटमध्ये कापतो. स्वतःचं ऑथॉरिटी असेल तर ३० एप्रिल, ३१ जुलै, ३१ ऑक्टोबर आणि ३१ जानेवारी या तारखा तुमच्या. तिमाहीत गाडी उभीच असली तरी शून्याचं रिटर्न जातं. मैल आणि गॅलनचे कागद चार वर्षं ठेवावे लागतात.

इफ्टातली खरी गंमत पंपावर आहे. समजा एका राज्यात गॅलन ३.६० ला, त्यात राज्याचा कर २० सेंट. पलीकडच्या राज्यात ३.७५, कर ६० सेंट. कुठे भराल? नवखा ३.६० ला थांबतो. पण राज्याचा कर शेवटी तुम्ही जिथे चाललात तिथल्या दराने भरणार आहात, डिझेल कुठे घेतलंत याने तो बदलत नाही. कर बाजूला काढला तर पहिल्या पंपावर डिझेल ३.४० आणि दुसऱ्यावर ३.१५. महागडा पंप २५ सेंट स्वस्त. दीडशे गॅलनच्या टाकीला साडेसदतीस डॉलर.

ओरेगॉन, न्यू यॉर्क, केंटकी आणि न्यू मेक्सिकोत मैलांवरचा वेगळा कर आहे, तिकडचा पहिला लोड घेण्याआधी परमिटची चौकशी करा.

रिटर्न भरताना

१०४० ला, म्हणजे मूळ रिटर्नला, शेड्यूल सी (धंद्याचा नफा-तोटा) आणि शेड्यूल एसई (सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स) जोडायचं. शेड्यूल सी वर धंद्याचा कोड लांब पल्ल्यासाठी ४८४१२०, स्थानिक असाल तर ४८४११०. स्वतः काढलेल्या आरोग्य विम्याचे हप्ते वेगळे वजा होऊ शकतात, ते शेड्यूल सी वर टाकू नका.

आपल्या लोकांसाठी एक खास गोष्ट. ग्रीन कार्ड असेल किंवा इथले करदाते रहिवासी ठरत असाल, तर भारतातलं उत्पन्नही इथे दाखवावं लागतं. एनआरई ठेवीचं व्याज तिकडे करमुक्त आहे, इकडे नाही. पुण्याच्या फ्लॅटचं भाडंही दाखवायचं. आणि भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल, तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, वेगळा भरायचा. आईबरोबरचं जॉइंट खातंही यात आलं. याचा दंड ट्रकच्या कुठल्याही चुकीपेक्षा मोठा असतो.

१५ एप्रिलला कागद तयार नसतील तर फॉर्म ४८६८ ने १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळते. ती कागदांची मुदत आहे, पैशांची नाही. अंदाजाने का होईना, पैसे एप्रिलमध्येच पाठवा. आणि पैसे नसतील तरी रिटर्न भराच. न भरल्याचा दंड थकलेल्या कराच्या महिन्याला ५ टक्के, भरून पैसे थकवल्याचा अर्धा टक्का. मला त्या एप्रिलमध्ये हे माहीत असतं तर मुलीचे पैसे मोडलेच नसते, आयआरएसच्या साइटवर महिन्याचे हप्ते बांधून मागितले असते.

रिटर्न दुसऱ्याकडून भरून घेणार असाल तर ट्रकवाल्यांचं काम करणारा बघा. त्याला फोनवरच दोन प्रश्न विचारा: पर डीएमचे दिवस कसे मोजता, आणि माझं टॅक्स होम (करासाठीचं घर) कुठे धरणार? पहिल्यावर "तीनशे लावून टाकू" म्हणाला तर दुसरा विचारू नका. परताव्याच्या टक्केवारीवर फी घेणारा नको. पैसे घेऊन भरणाऱ्याने आपला पीटीआयएन (रिटर्न भरणाऱ्याचा नोंदणी नंबर) लिहून रिटर्नवर सही करावी असा नियम आहे. तो "सेल्फ प्रिपेअर्ड" असं टाकून तुमच्याच नावाने पाठवू लागला, तर सेटलमेंटचं फोल्डर उचला आणि दुसरीकडे जा.